ठरलेली फेरी : हृदयाची मोजपट्टी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६१, अंगाने सडपातळ, विडी नाही, खर्रा नाही. रोज फिरायला जाणारे म्हणून गावात ओळख. नंबर आल्यावर खुर्चीत बसत म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, तक्रार म्हटली तर काही नाही. पण आठ दिवसांपासून तलावाच्या पाळीवर चढलो की छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवल्यासारखं वाटते. मिनिटभर उभं राहिलं की जाते. मग उरलेली फेरी बरोबर होते. गॅसच असेल, नाही?"

"रोज त्याच जागी?"

"रोज तिथंच. पाळीच्या पायऱ्या संपल्या की. तीन वर्षं झाली ही फेरी मारतो, पण तिथं थांबावं लागलं नव्हतं कधी."

मी ई.सी.जी. काढला. पट्टी जवळजवळ नॉर्मल आली. गुरुजी खूश झाले, उठू लागले. मी त्यांना बसवून ठेवले, गोळी दिली आणि मुलाला बोलावून त्याच दिवशी गाडीने नागपूरला पाठवले. तपासणीत हृदयाच्या एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळेवर उपचार झाले. दोन-अडीच महिन्यांनी गुरुजी पुन्हा पाळीवर दिसू लागले.

वाचकहो, गुरुजींचे दुखणे कोणी ओळखले? ई.सी.जी.ने नाही. मीही पुढचे पाऊल उचलले ते त्यांच्या एका वाक्यावरून: "तिथं थांबावं लागलं नव्हतं कधी." ते वाक्य त्यांना बोलता आले, कारण त्यांची फेरी ठरलेली होती. तीच वाट, तोच चढ, तेवढेच अंतर. रोज वेगळीकडे फिरणाऱ्या माणसाला वाटले असते, आज चढ जास्त होता, आज घाई झाली, काल जेवण जड झाले होते. आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. चालणे हे औषध आहे, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण ठरलेल्या वाटेवरचे चालणे ही एक तपासणीही आहे. ती फुकट होते, रोज होते, आणि ती आपली आपल्याला करता येते.

माझी एक चूक

हे शहाणपण मला पहिल्यापासून नव्हते. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षे झाली असतील. एक मध्यमवयीन शेतकरी खोकल्याचे औषध घ्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "पूर्वी घरून शेतापर्यंत एका दमात जायचो. आता चिंचेखाली बसून घ्यावं लागते." बाहेर रोग्यांची गर्दी होती. मी हसून म्हणालो, "वय झालं आता, थोडं बसलं तर काय बिघडलं?" तीन आठवड्यांनी एका रात्री त्यांना बैलबंडीत घालून माझ्या दारात आणले. तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यांनी मला रोग सांगितला होता. मी तो ऐकला नाही. तेव्हापासून कोणी "आता मधे बसावं लागते" असे म्हटले, की मी हातातला पेन खाली ठेवतो.

अडीचशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण

यात नवीन काही नाही. इ.स. १७६८ साली लंडनच्या एका वैद्यसभेत विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी एक निबंध वाचला. तो १७७२ साली छापून आला. त्या काळी ई.सी.जी. नव्हता, स्टेथोस्कोपही नव्हता. हेबर्डन यांनी फक्त रोग्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले. काही माणसांना चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत एक विलक्षण दाब जाणवतो, आणि उभे राहिले की तो नाहीसा होतो, असे त्यांनी लिहून ठेवले. या दुखण्याला आम्ही 'अंजायना' म्हणतो. मराठीत हृदयशूल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी आतून अरुंद झाली, की बसल्या जागी रक्त पुरते, पण चढावर हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. थांबले की मागणी उतरते, दुखणे जाते. म्हणून तर बसल्या जागी काढलेली पट्टी पुष्कळदा नॉर्मल येते, आणि रोगी "काही नाही निघालं" म्हणून निर्धास्त घरी जातो.

याच हेबर्डन यांनी आणखी एक नोंद केली आहे. त्यांच्या एका रोग्याने रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. आपल्या आरागिरण्यांच्या मुलखात ही गोष्ट सांगायला मला विशेष आवडते. अर्थात, हृदयरोग्याने उठून कुऱ्हाड हाती घ्यावी असा याचा अर्थ नाही! नेमाने, बेताने केलेले श्रम हृदयाला मानवतात, एवढाच अर्थ घ्यावा.

१९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच बस, एकच मालक, सारखेच वर्ग. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला, आणि झाला तरी सौम्य. आपल्या एस.टी.ने प्रवास करताना ही गोष्ट आठवून पाहा.

अंतराची मोजपट्टी आम्ही डॉक्टर आणखी दोन ठिकाणी वापरतो. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रोग्याला मोठ्या रुग्णालयात लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालवतात आणि तो किती मीटर गेला ते लिहून ठेवतात. पुढच्या वेळी अंतर वाढले की कमी झाले, यावरून औषधाचा गुण कळतो. दुसरे उदाहरण पायांच्या रक्तवाहिन्यांचे. विडी, तंबाखू किंवा मधुमेह यांमुळे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली, की ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. असा रोगी मला सांगतो, "शाळेपर्यंत बरोबर जातो, पुढे पाय धरते." महिन्याभराने तो "ग्रामपंचायतीपर्यंतच जातो" म्हणाला, तर मला पुढचे काही विचारावे लागत नाही.

आमची फेरी

झाडीपट्टीतल्या कोणत्याही गावाबाहेर अशी फेरी सापडते. आमची फेरी सांगतो. तिच्या प्रत्येक टप्प्याचे शरीराला वेगळे काम आहे. एकूण अंतर सुमारे ४ कि.मी., वेळ ५० मिनिटे.

पहिला टप्पा गावातून आखरापर्यंत आणि पुढे पांदण रस्त्याने. वाट सपाट. इथे चाल संथ ठेवावी. झोपेतून उठलेले स्नायू आणि हृदय यांना पाच-सात मिनिटे जागे होऊ द्यावे. घरातून निघताच झपाझप सुटणारे लोकच पुढे धापा टाकताना दिसतात.

दुसरा टप्पा माळाचा. सातबाऱ्यावर याला 'झुडपी जंगल' म्हणतात. पळस, बोर, भराटीची झुडपे, मधे मुरूम, हळूहळू चढत जाणारी जमीन. इथे चाल वाढवावी. किती वाढवावी? सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाही शब्द तुटत असतील तर वेग जास्त झाला. आरामात गाणे म्हणता येत असेल तर तो फेरफटका झाला, व्यायाम नाही.

तिसरा टप्पा तलावाच्या पाळीचा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले हे जुने तलाव पूर्वजांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच मामा तलाव झाले. पाळीवर चढायला दहा-पंधरा पायऱ्या किंवा तिरपी वाट असते. हीच तुमची परीक्षेची जागा. वर पोचल्यावर क्षणभर स्वतःला विचारावे: कालच्यापेक्षा दम जास्त लागला का? छातीत, गळ्यात, जबड्यात, डाव्या हातात काही वाटले का? उत्तर 'नाही' असेल तर पाण्यावरचे पक्षी पाहत पुढे निघावे.

चौथा टप्पा धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्यांवरून. धुरा अरुंद, कधी निसरडा. इथे पाय जपून टाकावा लागतो, शरीराचा तोल सांभाळावा लागतो. पन्नाशीनंतर तोल सांभाळण्याची सवय जाते आणि पुढे पडून खुब्याचे हाड मोडते. धुऱ्यावरची ही दहा मिनिटे त्या दृष्टीने मोलाची आहेत. ज्यांना आधीच चक्कर येते किंवा गुडघे दुखतात त्यांनी मात्र काठी घ्यावी, नाहीतर बैलबंडीच्या वाटेने जावे.

शेवटचा टप्पा मारुतीच्या देवळापर्यंत, पुन्हा संथ. एकदम थांबू नये. घाम सुकेपर्यंत पारावर बसावे, पाणी प्यावे.

गोल फेरीचा आणखी एक फायदा. गेलेल्या वाटेने परत यायचे असले, की मन अर्ध्यातच म्हणते, चला, इथूनच वळू. गोल वाटेवर अर्धे अंतर गेल्यावर मागे जाणे आणि पुढे जाणे सारखेच पडते. आणि घरच्यांना ठाऊक असते, हा माणूस आता कुठे असेल. उशीर झाला तर कोणत्या वाटेने शोधायचे हेही ठाऊक असते.

चंद्रपूर शहरातील वाचक म्हणतील, आम्हाला पांदण कुठून आणायची? तुमच्याकडे गोंडराजांचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा हा वेढा सुमारे ११ कि.मी. भरतो. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी त्यावरील झाडोरा व कचरा काढण्याचे मोठे काम केले. सगळा परकोट रोज चालायची गरज नाही. आपल्या मोहल्ल्याजवळचा एखादा भाग धरून तीन-चार किलोमीटरची फेरी ठरवावी. तीही मोजपट्टीच आहे.

पहाट नको, हमरस्ता नको

आता मला माझाच जुना सल्ला मागे घ्यायचा आहे. वीस वर्षे मी चिठ्ठीवर लिहीत आलो: "पहाटे पाचला उठून फिरावे." पुण्या-मुंबईच्या पुस्तकात ते शोभते. आपल्या जिल्ह्यात मी आता तसे लिहीत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली अंधारीसह व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वाघ काही प्रकल्पाची हद्द पाळत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, वडसा या भागांतल्या झुडपांत आणि तलावांकाठी तो राहतो, आणि पहाटेची व सांजेची वेळ त्याची फिरण्याची असते. वडसा, ब्रह्मपुरी व भंडारा भागात १३ माणसांचा बळी घेणारा 'सी.टी.-१' वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी दगावल्या. त्या पोटासाठी गेल्या होत्या, त्यांना जाणे भाग होते. आपण शुगर कमी करायला निघालेली माणसे. आपल्याला अंधारात जाणे भाग नाही.

मग लोक म्हणतात, जंगलाकडे नको तर डांबरी रस्त्याने जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोलीजवळ काटली गावची मुले सकाळी रस्त्याच्या कडेला व्यायाम करत असताना ट्रकखाली आली. चार मुले गेली. शरीर कमवायला निघालेली मुले होती ती. ती बातमी वाचून मी दिवसभर नीट काम करू शकलो नाही.

म्हणून आता माझी चिठ्ठी अशी असते:

सूर्य वर आल्यावर निघावे. उन्हाळ्यात सहा वाजता निघून सातच्या आत घरी, हिवाळ्यात सव्वासातनंतर. हिवाळ्याच्या पहाटे थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि धूर-धुके जमिनीलगत साचलेले असते. हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या वेळी जास्त येतात. त्यामुळे वाघ नसता तरी हा सल्ला योग्यच ठरला असता.

एकट्याने जाऊ नये. तिघे-चौघे बोलत जावे. हातात काठी असावी. वाघाच्या पाऊलखुणा दिसल्याची किंवा गुरे मारल्याची बातमी आली, की त्या दिवसांत माळ आणि पाळ सोडावी व गावाभोवतीची छोटी फेरी धरावी. झुडपाआड वाकून किंवा खाली बसून राहू नये. उभ्या माणसापेक्षा वाकलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसतो, असे वन खात्याची माणसे सांगतात. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचताना हा धोका मोठा असतो.

हमरस्ता ओलांडावा, पण त्याच्या कडेने फेरी ठरवू नये.

बांधीतले बारीक शत्रू

वाघाची भीती सर्वांना वाटते. बारीक जिवांची वाटत नाही.

पावसाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत धुऱ्यावर घोणस असते, नाग असतो. पायात बंद बूट घालावेत, गवतात काठी आपटत चालावे. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. चावलेला अवयव हलू न देता रोग्याला आडवे ठेवून सरळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरचे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांच्या पिल्लांपासून 'स्क्रब टायफस' नावाचा ताप होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत याचे बरेच रुग्ण निघाले होते. तापाबरोबर काखेत, जांघेत, कमरेजवळ विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरला ती दाखवावी. दुखत नाही म्हणून लोक ती सांगत नाहीत. वेळेवर ओळखला तर हा ताप स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर जीव घेतो. फेरीहून आल्यावर कपडे बदलावेत, अंग धुवावे, गवतावर लोळू नये.

तिसरा शत्रू आपले ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत फेरी अर्धी करावी, निघण्याआधी पाणी प्यावे. घाम थांबून डोके गरगरू लागले, तर सावलीत आडवे होऊन अंगावर पाणी मारावे. बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. ताबडतोब रुग्णालय.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

हे वाक्य मला रोज ऐकू येते, आणि ते खरे आहे. दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला "फिरायला जा" म्हणणे हा तिचा अपमान आहे. आठवड्याला १५० मिनिटे चालावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी, दुकानदारांसाठी, मास्तर-बाबूंसाठी आणि माझ्यासारख्या डॉक्टरांसाठी आहे.

पण मोजपट्टीची गोष्ट कष्टकऱ्यालाही लागू आहे. तुमची शेताची वाट हीच तुमची फेरी. बोअरिंगपासून घरापर्यंत डोक्यावर गुंड घेऊन येणारी बाई रोज तेच अंतर चालते. तिला या महिन्यात दोनदा टेकावे लागत असेल, तर घरच्यांनी "आळशी झाली" म्हणू नये. रक्त कमी झालेले असू शकते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. चुलीच्या धुराने छाती खराब झालेली असू शकते. हृदयाच्या झडपेचा विकारही असू शकतो. बायकांना आणि मधुमेहींना हृदयविकारात छातीत दुखतेच असे नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते, घाम येतो, पोटात वर मळमळते. पुरुष छातीवर हात ठेवतो आणि घर हलते. बाई "जीव घाबरते" म्हणते आणि तिला लिंबू-सोडा मिळतो.

सडपातळ आहे, मेहनती आहे, म्हणून आपल्याला काही होणार नाही, असेही मानू नये. गडचिरोलीत आयुष्य घातलेले डॉ. अभय बंग यांना ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गाठले. त्यावर त्यांनी लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घराघरांत वाचले गेले. डॉक्टरही यातून सुटत नाही.

सुरुवात कोणी कशी करावी

ज्यांना रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा हृदयविकार, दमा किंवा सिकलसेल आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशीपोटी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन निघू नये, खिशात गूळ-साखर ठेवावी, आणि परतल्यावर पायाचे तळवे पाहावेत. भराटीचा काटा रुतल्याचे त्यांना कळत नाही, जखम झाल्यावर कळते. सिकलसेलच्या रोग्यांनी दमेपर्यंत चालू नये, थंडीत जाऊ नये, पाणी भरपूर प्यावे. जेवून लगेच कोणीच चढावर जाऊ नये.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत न्यावे. फेरी पूर्ण जमू लागली, की घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत किती मिनिटे लागली तेवढा आकडा लिहावा. मधे कुठे थांबावे लागले तर फुली मारावी. पावसाळ्यात चिखलामुळे पाच-सात मिनिटे जास्त लागणारच, त्याची काळजी नको. पण वाट कोरडी, ताप-खोकला नाही, आणि तरीही आठवडाभर दहा मिनिटे जास्त लागत असतील, किंवा एकाच जागी दोन दिवस फुली आली, तर ते कॅलेंडर घेऊन दवाखान्यात या. "मला दम लागतो" यापेक्षा ते पान मला जास्त सांगते.

आणि छातीत दाब आलाच तर? जिथे आहात तिथेच बसा. "घरी जाऊन पाहू" म्हणून चालत राहू नका. पूर्वी डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसून घ्या. पाच मिनिटांत दाब गेला नाही, घाम फुटला किंवा दुखणे हाताकडे-जबड्याकडे सरकले, तर १०८ ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मि.ग्रॅ.ची गोळी चावून खावी. सोबत्याने मोटारसायकलवर मागे बसवून नेण्यापेक्षा गाडी तिथे आणावी. म्हणूनच सोबत हवी, आणि म्हणूनच फेरी घरच्यांना ठाऊक हवी. आणि थांबल्यावर दाब गेला, तरी त्याच दिवशी दाखवा. गेले म्हणून विसरू नका.

परवा गुरुजी भेटले. त्यांनी कॅलेंडरचे पान घडी घालून खिशात आणले होते. फेरी ५२ मिनिटे, गेल्या महिन्यात ५४. एकही फुली नाही. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता पाळीवर थांबतो, पण करकोचे पाहायला."

त्या थांबण्याला माझी हरकत नाही.